रंगावर रंग : शिळाछापापासून स्क्रीन प्रिंटिंगपर्यंत

छपाईच्या शाईचे पारदर्शक आणि अपारदर्शक असे दोन वर्ग पडतात. अपारदर्शक शाई खालचा रंग झाकून टाकते आणि प्रकाश आपल्या पृष्ठभागावरूनच परत पाठवते. पारदर्शक शाईतून मात्र प्रकाश आरपार जातो, कागदाच्या पांढऱ्या पृष्ठभागावरून परततो आणि परतताना पुन्हा त्याच शाईतून गाळला जातो. म्हणूनच पिवळ्या थरावर निळा थर चढवला की हिरवी शाई न वापरताही हिरवा रंग दिसतो. तीन पारदर्शक शायांपासून एकेकट्या तीन, दोन-दोन मिळून तीन आणि तिन्ही मिळून एक अशा सात छटा हाती येतात; चार शायांपासून त्या पंधरा होतात. प्रत्येक शाईसाठी वेगळा दगड, ठसा किंवा पडदा तयार करावा लागत असल्यामुळे या हिशेबाला छापखान्यात थेट पैशाचे मोल असते आणि महाराष्ट्रातील रंगीत छपाईचा इतिहासही बऱ्याच अंशी याच काटकसरीच्या अंगाने उलगडतो.

रंग एकमेकांत मिसळून तिसरा रंग उपजवण्याची कला छपाईच्या आधीपासून कापडावर रुजलेली होती.  पैठणच्या विणकरांनी ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा ठेवून, कोनाप्रमाणे छटा पालटणारे धूपछाव वस्त्र विणले. तेथे दोन रंगांचे धागे शेजारी-शेजारी असतात आणि त्यांचा मिलाफ पाहणाऱ्याच्या डोळ्यात होतो. रंगाऱ्यांची रीत यापेक्षा वेगळी होती, कारण निळीत बुडवलेल्या कापडावर हळदीचा पिवळा चढवून हिरवा साधताना एक रंग प्रत्यक्षात दुसऱ्यावर बसत असे. पारदर्शक शाईच्या छपाईचे तत्त्व या दुसऱ्या रीतीशी जुळते. मात्र ठरलेल्या आकाराच्या ठरलेल्या भागावरच दुसरा रंग नेमका बसवण्याचे काम कागदावर अधिक काटेकोरपणे करावे लागते.

हे काम मोठ्या प्रमाणावर साधले ते शिळाछापाने, म्हणजे लिथोग्राफीने. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डरने शोधलेल्या या पद्धतीत चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढले जाते. ओला केलेला दगड कोऱ्या भागावर छपाईची शाई धरत नाही आणि तेलकट भाग ती ओढून घेतो. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये गोदफ्रुआ एंगेलमानने बहुरंगी शिळाछापाचे एकस्व मिळवले. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवलेला छापखाना याच पद्धतीवर चालत होता आणि त्यासाठी जर्मनीहून यंत्रे व कारागीर आणले गेले होते. चित्रातील प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. देवतेच्या चेहऱ्यावरील कांती एका शाईने साधत नसल्यामुळे फिकट पिवळा, गुलाबी, करडा, निळसर असे बारीक ठिपक्यांचे थर एकावर एक चढवले जात आणि एका चित्रासाठी दगडांची संख्या कधी कधी दहाच्याही पुढे जाई. रंगांचा क्रम साधारणपणे फिकटाकडून गडदाकडे असे. प्रत्येक वेळी कागद आधीच्याच जागी बसावा म्हणून कडेला जुळणीच्या खुणा ठेवल्या जात, कारण केसभर चूक झाली तरी ओठाचा लाल रंग गालावर येई.

दगडांची ही संख्या घटवण्याचा मार्ग छायाचित्रणाने दाखवला. रविवर्मा छापखान्यासाठी काम केलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके १९०९ मध्ये तीनरंगी छपाईचे तंत्र समजून घेण्यासाठी जर्मनीला गेले. या तंत्रात मूळ चित्राची लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन छायाचित्रे घेतली जातात आणि त्यांवरून अनुक्रमे निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे ठसे बनतात. चित्रकाराने दगडागणिक हाताने केलेली रंगांची फोड येथे काच आणि भिंग करतात. पण शाई पारदर्शक नसेल तर सगळा हिशेब कोलमडतो. त्या काळातील पिवळे रंगद्रव्य तुलनेने अपारदर्शक असल्यामुळे पिवळा आधी छापण्याची प्रथा पडली, कारण तो शेवटी छापल्यास खालचे दोन्ही रंग झाकले जाण्याची भीती असे.

स्क्रीन प्रिंटिंगने हेच तत्त्व अगदी साध्या साधनांत आणले. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये या पद्धतीचे एकस्व घेतले. चौकटीवर ताणलेल्या रेशमी, आणि पुढे नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या, जाळीतून रबरी पट्टीने शाई दाबली जाते. जाळीचा जो भाग बुजवलेला असतो तेथे ती उतरत नाही. या पद्धतीत शाईचा थर इतर छपाईपेक्षा जाड बसतो, त्यामुळे नेहमीची शाई सहज अपारदर्शक होते. पारदर्शकता हवी असल्यास रंगद्रव्याचे प्रमाण कमी करून ते बिनरंगी माध्यमात, ज्याला व्यवहारात ट्रान्सपरंट बेस म्हणतात त्यात, मिसळावे लागते. पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा चढवावा लागतो. क्रम उलटला तर, शाई पूर्णपणे पारदर्शक नसल्यामुळे, छटाही बदलते.

चौकट, जाळी, रबरी पट्टी आणि एक टेबल एवढ्या सामग्रीवर हा व्यवसाय जालना जिल्ह्यातील जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावातही उभा राहू शकतो, आणि दोनच पडदे परवडत असलेल्या कारागिराला पिवळ्यावर लाल चढवून केशरी फुकटात मिळतो. तरीही या युक्तीला मर्यादा आहे, कारण तिला पांढरी पार्श्वभूमी लागते. रंगीत पत्रिकेवर किंवा गडद कापडावर पारदर्शक शाई खालच्या रंगात हरवते. तेथे अपारदर्शक शाईच कामी येते किंवा आधी पांढरा थर द्यावा लागतो आणि एका पडद्याची झालेली बचत तेथेच खर्ची पडते.

दहा-बारा दगडांपासून तीन ठशांपर्यंत आणि दोन-तीन पडद्यांपर्यंतच्या या वाटचालीत शाया कमी होत गेल्या, पण छटा त्या प्रमाणात घटल्या नाहीत. शिळाछापात ही किमया चित्रकाराच्या रंगफोडीवर अवलंबून होती आणि तीनरंगी छपाईत ती काचेच्या निवडीकडे गेली. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाईचे प्रमाण आणि थरांचा क्रम कारागीर स्वतः ठरवत असल्यामुळे ती पुन्हा त्याच्या हाती आली आहे.