नेमबाजाचें रिव्हॉल्व्हर

श्रोतेहो, रिव्हॉल्व्हर हा शब्द कानीं पडतांच सभ्य गृहस्थाच्या मनांत येतो तो पोलिसांचा पट्टा, नाहीं तर चित्रपटांतला दरोडेखोर. या शस्त्राला आणखीही एक चरित्र आहे आणि तें बरेंच निरुपद्रवी आहे, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. जगांतील हजारों माणसें हें शस्त्र हातीं धरतात तीं केवळ पंचवीस मीटरांवर लावलेल्या एका काळ्या वर्तुळाचा मध्य भेदण्यासाठीं. अशा नेमबाजानें आपल्या आवडीचें रिव्हॉल्व्हर निवडावें तरी कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहतां हा शौकिनांचा प्रश्न वाटेल. परंतु 'निवडणें' या क्रियापदाला कर्ता लागतो. आणि शस्त्र निवडण्याची मोकळीक कोणाला होती व कोणाला नव्हती हें पाहूं लागलें म्हणजे तोच प्रश्न इतिहासाचा होतो. त्या इतिहासांत आमच्या कोल्हापूरचेंही एक पान आहे.

प्रथम शस्त्राची जन्मकथा पाहूं. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकनानें १८३६ सालीं आपल्या देशांत फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचें पेटंट घेतलें. त्यापूर्वींचें पिस्तूल एकदां झाडलें कीं पुन्हा ठासावें लागे. कोल्टच्या शस्त्रांत नळीमागें चक्र असे, त्याचीं घरें आधींच भरून ठेवलेलीं असत, आणि अंगठ्यानें घोडा मागें ओढला कीं चक्र एक घर पुढें सरके. १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें त्यांत हें रिव्हॉल्व्हर मांडलेलें होतें, आणि त्याच्याशीं स्पर्धा करणारें रॉबर्ट अ‍ॅडम्स या इंग्रज कारागिराचेंही होतें. अ‍ॅडम्सच्या शस्त्रांत घोडा वेगळा ओढावा लागत नसे. चाप दाबला कीं घोडा आपोआप उठे, चक्र फिरे आणि बार उडे. हातघाईच्या प्रसंगीं ही सोय मोठी. परंतु हें सगळें काम एकाच बोटानें करावयाचें म्हणजे चाप जड होणार, आणि जड चाप ओढतांना नळीचें तोंड हलणार. कोल्टच्या रीतींत घोडा आधींच उठलेला असल्यामुळें चाप हलका लागे. पुढें १८५६ मध्यें बोमाँट या लष्करी अधिकाऱ्याच्या सुधारणेनें दोन्ही रीती एकाच शस्त्रांत आल्या. निवडीचें पहिलें सूत्र मात्र तेव्हांच ठरून गेलें: लढणाऱ्याला जें शस्त्र सोयीचें तेंच नेम धरणाऱ्याला सोयीचें असेल असें नाहीं.

हा भेद इंग्लंड-अमेरिकेंतील नेमबाजांनीं लवकरच ओळखला. इंग्लंडांतील राष्ट्रीय रायफल संस्थेचे सामने १८९० पासून बिस्ली येथील मैदानावर भरूं लागले, आणि तेथें रिव्हॉल्व्हरच्याही चढाओढी होऊं लागल्या. त्यांचें महत्त्व इतकें वाढलें कीं १८९४ मध्यें कोल्ट कारखान्यानें मुठीचा आकार व घोड्याचा खुंट बदलून खास नेमबाजांसाठीं एक नमुना काढला आणि त्याला त्या मैदानाचेंच 'बिस्ली' हें नांव दिलें. स्मिथ व वेसन या दुसऱ्या अमेरिकन कारखान्यानें रशियन सरकारसाठीं ०.४४ इंच व्यासाचें रिव्हॉल्व्हर बनविलें होतें. त्याच्या अचूक काडतुसामुळें तें सैनिकांइतकेंच नेमबाजांना प्रिय झालें.

१८९६ सालीं अथेन्स येथें पहिल्या आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. जॉन आणि समनर पेन हे अमेरिकन बंधु तेथें आले ते अनेक प्रकारचीं पिस्तुलें बरोबर घेऊन. कारण कोणतें शस्त्र चालेल व कोणतें नाहीं याची त्यांना पुरती कल्पना नव्हती. पंचवीस मीटरांच्या लष्करी पिस्तुलाच्या सामन्यांत त्यांनीं कोल्टचीं रिव्हॉल्व्हरें वापरलीं. जॉननें ४४२ गुण मिळवून पहिला क्रमांक घेतला आणि ३८० गुणांनीं समनर दुसरा आला. दुसऱ्या सामन्यांत जॉन उतरला नाहीं. तेथें समनर पहिला आला. या बंधूंपुढें अनेक शस्त्रें होतीं, त्यांतून मनाजोगें उचलतां येत होतें, आणि त्यामागें वर्षानुवर्षांचा सराव होता. यशाचें रहस्य शोधावयाचें तर तें येथें आहे.

ही झाली पश्चिमेकडील हकीकत. आतां त्याच काळांत आपल्याकडे काय चाललें होतें तें पाहूं. १८५७ च्या धामधुमींत कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट किंवा अ‍ॅडम्स यांचीं रिव्हॉल्व्हरें होतीं. कोल्हापुरांत ३१ जुलै १८५७ च्या रात्रीं २७ व्या पलटणीनें उठाव केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत शहरांत दुसरी उचल झाली. दोन्ही मोडल्या गेल्या आणि छत्रपतींचे बंधु चिमासाहेब महाराज यांना दूर कराचीस नेऊन ठेवण्यांत आलें. दक्षिण महाराष्ट्रांत हत्यारें काढून घेण्याचें सत्र सुरू झालें. पुढें लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. परवान्यावांचून हत्यार बाळगणें हा या देशाच्या रहिवाशाला गुन्हा ठरला, आणि युरोपियनाला मात्र त्यांतून सूट मिळाली. हा भेद किती झोंबला असेल हें सांगावयास नको. कायद्यांत सुधारणा व्हावी असा ठराव काँग्रेसनें आपल्या आरंभींच्या अधिवेशनांतच केला होता.

या कायद्यानें हत्यारें गेलीं, इतकेंच आपण शाळेच्या पुस्तकांत वाचतो. माझ्या मतें हत्यारांबरोबर जो सराव गेला ती हानि अधिक मोठी. तरवार गंजली तर घासून लखलखीत करतां येते. परंतु हाताचें वळण दोन पिढ्या बंद पडलें कीं तें नव्यानेंच शिकावें लागतें. संस्थानांत दरबारची शिकार टिकली. राजर्षि शाहू महाराजांचा शिकारीचा नाद प्रसिद्धच आहे. शिकवलेले चित्ते हरणांवर सोडण्याची कला कोल्हापुरांत दीर्घकाळ जिवंत होती, आणि नव्या राजवाड्यांतील संग्रहालयांत त्या शिकारीच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. पण तो अखेर राजवाड्याचा छंद. पेठेंतल्या मुलाला बंदूक दिसे ती मिरवणुकींत, शिपायाच्या खांद्यावर.

त्यामुळें लहान हत्याराचीं आपल्या समाजाला दोनच रूपें परिचित राहिलीं: अधिकाऱ्याच्या कमरेचें आणि क्रांतिकारकाच्या अंगरख्याआडचें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलांतून. अशीं वीस पिस्तुलें विनायकराव सावरकरांनीं लंडनहून चोरून पाठविलीं होतीं. त्या तरुणांना निवडीला वाव कोठला? जें लपवितां येईल आणि जें हातीं लागेल तेंच त्यांचें शस्त्र. ज्या हत्याराचें तिसरें रूप बिस्लीच्या मैदानावर उघड्या उन्हांत दिसत होतें, तें आपल्याला पाहावयास मिळालें नाहीं.

तें मिळूं लागलें स्वातंत्र्यानंतर. १९५१ मध्यें भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे आद्य प्रवर्तक दादासाहेब मावळंकर. मूळ घराणें कोंकणांतलें, कर्मभूमि अहमदाबाद, आणि पुढें लोकसभेचे पहिले सभापति. गांधीजींच्या अनुयायांपैकीं एकानें बंदुकीच्या खेळाची संस्था उभारावी यांत कोणास विसंगति वाटेल. मला त्यांत सुसंगति दिसते. भयानें हत्यार टाकणें वेगळें, आणि हत्यार हातीं असतांना मन आवरणें वेगळें. त्यांच्या नांवाची स्पर्धा ही राष्ट्रीय सामन्यांची पहिली पायरी म्हणून नेमबाजांत सुपरिचित आहे. १९५९ च्या नव्या कायद्यानें १८७८ च्या कायद्याची जागा घेतली. इकडे दाजीपूरच्या रानांत १९५८ मध्यें अभयारण्य झालें, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचें पर्वच संपलें. ज्याला नेम साधावयाचा त्याच्यासाठीं आतां कागदाचें निशाणच उरलें. आणि निशाणाला राजा व रयत हा भेद ठाऊक नसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नेमबाजानें रिव्हॉल्व्हरांत काय पाहावें? पहिली गोष्ट मूठ. हात लांब करून डोळे मिटावे, मग उघडावे. माशी आणि मागची खांच आपोआप एका रेषेंत आलेली दिसली तर तें शस्त्र आपलें. दुसरी गोष्ट चाप. तो हलका असावा, पण त्याहीपेक्षां तो कांच मोडावी तसा एकाएकीं, न अडखळतां सुटावा. स्पर्धेच्या नियमांप्रमाणें पंचवीस मीटरांच्या पिस्तुलाचा चाप किमान एक किलोग्रॅमचा भार सहन करणारा लागतो. तिसरी गोष्ट नळी. ती लांब असेल तर माशी व खांच यांतील अंतर वाढतें आणि नेमांतील लहानसा दोषही डोळ्यांना दिसतो. मात्र १५३ मिलिमीटरांहून, म्हणजे सुमारें सहा इंचांहून, लांब नळी या स्पर्धेंत चालत नाहीं. चौथी गोष्ट काडतूस. धक्का जितका कमी तितका हात लवकर स्थिरावतो; म्हणूनच १८९६ सालचें ०.३२ इंची 'लाँग' काडतूस नेमबाजांना अजूनही प्रिय आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत बनणारें आत्मसंरक्षणाचें रिव्हॉल्व्हर हेंच काडतूस खातें. पण तें आखूड व अंगावर वागविण्याजोगें केलेलें असल्यामुळें त्यावर नेमबाजी शिकूं पाहणें म्हणजे चाकूनें चित्र कोरण्यासारखें होय.

माझी स्वतःची आवड विचाराल तर, मीं हत्यार कधीं बाळगलेलें नाहीं. तरी वाचन व विचार यांवरून मीं १९४७ च्या स्मिथ-वेसनच्या 'मास्टरपीस' मालिकेच्या बाजूनें मत देईन. कारण तिच्यांत शिक्षकाची दृष्टि आहे. ०.२२, ०.३२ व ०.३८ इंच अशा तीन व्यासांचीं हीं रिव्हॉल्व्हरें घडणीनें एक आणि वजनानें जवळजवळ सारखीं. स्वस्त, लहान काडतुसावर रोजचा अभ्यास करावा, आणि तोच हात सामन्याच्या दिवशीं मोठ्या काडतुसाला उपयोगी पडावा, अशी ही योजना. धुळपाटीवर अक्षर वळवून मग कागदावर उतरविण्याची आपली जुनी रीत याहून निराळी नव्हती.

तथापि आवड ही एक गोष्ट आणि काळाची चाल ही दुसरी. झटपट पांच गोळ्या झाडावयाच्या सामन्यांत दर वेळीं अंगठ्यानें घोडा ओढण्यांत पकड बिघडते. आपोआप भरणारें पिस्तूल तेथें सरस ठरतें. हंगेरीचे कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्यें हातबाँबनें निकामी झाला; त्यांनीं डावा हात तयार केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन्ही ऑलिंपिकांत जलद पिस्तूलबाजीचें सुवर्णपदक जिंकलें. ०.३२ च्या वर्गांतील 'सेंटर फायर' सामन्यांत रिव्हॉल्व्हरला अजून मज्जाव नाहीं. पण तेथेंही पिस्तुलाचेंच राज्य आहे.

आणि येथें कोल्हापूर पुन्हा पानावर येतें. तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें म्यूनिच येथें रायफलचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत रायफलमध्यें कांस्यपदक जिंकलें. आपल्या विषयाला अधिक जवळच्या म्हणजे राही सरनोबत; त्यांचें शस्त्र पंचवीस मीटरांचें ०.२२ चें पिस्तूल. या सामन्यांत तीस गोळ्या सावकाश व तीस जलद झाडावयाच्या; जलद फेरींत निशाण तीन सेकंद दिसतें, सात सेकंद दिसत नाहीं, आणि त्या तीन सेकंदांत खालचा हात उचलून एकच गोळी सोडावयाची. २०१३ मध्यें त्यांनीं कोरियांत चांगवोन येथें विश्वचषकाचें सुवर्णपदक मिळविलें. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं इंडोनेशियांत पालेंबांग येथें आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरींत त्यांचे व थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीचे ३४-३४ गुण झाले. जादा फेरींतही बरोबरी सुटली नाहीं. दुसऱ्या जादा फेरींत ती सुटली, आणि आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. १८५७ नंतर ज्या मुलखांत हत्यारांची झडती झाली, त्याच मुलखांतील एका मुलीनें आपल्या हातास साजेल असें शस्त्र उघडपणें निवडलें आणि त्यावर देशाचें नांव कोरलें.

श्रोतेहो, हा उत्कर्ष पाहून आपण समाधान मानावें, पण स्वस्थ बसूं नये. चांगलें पिस्तूल परदेशांतून आणावें लागतें, काडतुसें महाग असतात, परवान्याची वाट लांब असते. त्यामुळें निवडीची मोकळीक कायद्यानें आली तरी ती अजून थोड्यांनाच परवडते. जिल्ह्याजिल्ह्यांत सुरक्षित मैदान, जाणता शिक्षक आणि संस्थेचीं सामायिक शस्त्रें असतील, तरच सामान्य घरांतील मुलाला चार मुठी हातांत धरून पाहतां येतील. उत्तम रिव्हॉल्व्हर कोणतें, असा प्रश्न त्या मुलानें आपल्याला केला तर त्याला नांव सांगूं नये. नळी सदैव निशाणाकडे, बोट चापाबाहेर, आणि आज्ञेवांचून काडतूस भरावयाचें नाहीं, हे तीन नियम आधीं पाठ करून घ्यावे. मग त्याला मैदानावर न्यावें. पुढचें उत्तर त्याचा हातच देईल.