कृतियुक्त अध्ययन (सातारा व सांगली जिल्हे)

प्राथमिक वर्गांत मुलांनी वस्तू हाताळून, मोजून, मांडून, बोलून आणि एकमेकांना विचारून शिकण्याची पद्धत. शिक्षकांच्या बोलण्यात तिला ‘उपक्रम’, ‘कृती’ किंवा अलीकडे सरसकट ‘रचनावाद’ म्हणतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात कृती, शोध आणि बालस्नेही वातावरणातून शिकणे अपेक्षिलेले आहे. सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर मात्र या पद्धतीची गरज कायद्याच्या आधीपासून होती, आणि ती पटसंख्येतून आली होती.

१९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि लगतची संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या वाड्या, कृष्णाकाठचा ऊसपट्टा आणि माण-खटाव-आटपाडी-जतचा कोरडा माळ असे तीन मुलूख या दोन जिल्ह्यांत मिळून येतात. डोंगरात आणि माळावर पट थोडा. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे कायद्याचे प्रमाण आहे. म्हणजे चार इयत्ता, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिलीला शिकवताना शेजारी बसलेल्या दुसरीने काय करायचे? पाढे लिहीत बसायचे, हे जुने उत्तर. मुलांच्या हातात विचार करायला लावणारे काम द्यायचे, हे कृतियुक्त वर्गाचे उत्तर.

या मुलखाला एकशिक्षकी शाळेची ओळख जुनी आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर शाळा चालवतो, आणि शाळेत मुले यावीत म्हणून आधी गावाचा होतो. त्याच औंधात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले. रयत शिक्षण संस्था कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी स्थापन केली. खेड्यांना खेड्यातलेच शिक्षक मिळावेत म्हणून तिने १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले. हाताने काम करणे हा रयतेच्या वसतिगृहांत शिक्षणाचाच भाग होता. तिथे काम श्रमाचे आणि स्वावलंबनाचे होते. गणित किंवा वाचन शिकवण्यासाठी हात वापरणे ही पुढची पायरी.

वाचनाच्या बाबतीत ती पायरी फलटणला ओलांडली गेली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतलेल्या भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील भेदांवर संशोधन केले होते. त्यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था उभारली. कमला निंबकर बालभवन ही तिची शाळा. जुन्या क्रमात आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे. मुलाच्या वाट्याला पहिले अर्थपूर्ण वाक्य येईपर्यंत वर्ष सरत आलेले असे. अक्षरांचे लहान गट करून त्यांच्याबरोबर सुरुवातीपासूनच एखाददुसरी स्वरचिन्हे दिली, तर चित्र बदलते. म, क, ल, र आणि काना एवढ्या भांडवलावर ‘काका’, ‘मामा’, ‘काम’, ‘कमल’, ‘माकला’ असे शब्द मूल स्वतः जुळवते. ‘माकला’ला अर्थ नाही, हे ओळखून ते हसते. ते हसणे म्हणजे वाचन सुरू झाल्याची खूण आहे.

लेखनाच्या कृतीतही बोलीचा प्रश्न येतोच. मूल सांगते ते वाक्य शिक्षक फळ्यावर लिहितात आणि मुले तेच वाचतात. ‘आमची म्हस व्याली’ असे मुलाने सांगितले तर फळ्यावर ‘म्हस’ लिहायची की ‘म्हैस’? प्रस्तुत लेखकाच्या मते पहिलीत ‘म्हस’च लिहावी, आपण बोललो तेच फळ्यावर उमटले, हे मुलाला आधी दिसू दे. पुस्तकातली म्हैस दुसरीत शेजारी बांधता येते. जत तालुक्यात तर जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत, आणि काही मराठी वर्गांत घरी कन्नड बोलणारी मुले बसतात. तिथे चित्र दाखवून दोन्ही भाषांतले शब्द मुलांकडूनच घेणे हाच धडा ठरतो.

शब्दांच्या कृतींपैकी शब्दडोंगर सर्वांत रुळलेला. ‘आजी’, खाली ‘आजी आली’, त्याखाली ‘आजी बाजारातून आली’, अशा ओळी उतरत रुंदावत जातात. दुसरीतले मूल पाच-सहा पायऱ्यांचा डोंगर एकट्याने रचते, तोवर शिक्षक पहिलीकडे मोकळे असतात.

खरे वैभव आहे ते गणिताच्या कृतींत, कारण मराठी संख्यानामे मुलांना खरोखर अडचणीत टाकतात. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी कानावर पडतात, लिहिताना दोन आधी येतात. म्हणून मूल ५२ लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९ लिहून बसते. एकोणिसापासून एकोणनव्वदपर्यंत हा ‘एक उणे’चा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोड वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण पुढे ठेवली होती. वादात भाषेचे काय होणार याची चर्चा पुष्कळ झाली. ५२ लिहिणाऱ्या मुलाची त्या मानाने फार थोडी.

वर्गात या अडचणीवर दोन साधने चालतात. पहिले मणीमाळ : शंभर मणी, दर दहांनंतर रंग बदललेला. एकोणतीस शोधताना मूल दोन रंगपट्टे ओलांडते आणि तिसरा संपायला एक मणी उरतो तिथे चिमटा लावते. ‘एकोण’ म्हणजे काय, हे बोटाला कळते. दुसरे साधन काड्या. दहा काड्यांना रबर लावले की एक गठ्ठा, बाकीच्या सुट्ट्या. बत्तिसातून सतरा काढायचे तर तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या समोर मांडायच्या. दोनातून सात निघत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा; सुट्ट्या बारा होतात, पाच उरतात, आणि उरलेल्या दोन गठ्ठ्यांतला एक उचलला की उत्तर पंधरा. उसना घेण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या ‘इथला एक खोडा, तिथे लिहा’ अशी पाठ केली गेली, ती इथे रबर सोडण्याच्या आवाजासह घडते. त्यानंतर एक, दहा आणि शंभराच्या खोट्या नोटा येतात. दहाची नोट सोडता येत नाही, मोडावी लागते. म्हणजे वस्तूकडून चिन्हाकडे एक पाऊल. हा क्रम उलटा केला, आधी नोटा आणि मग काड्या दिल्या, तर बरीच मुले अडखळतात.

अपूर्णांकांसाठी या भागातल्या घरांत एक उत्तम साधन पडून आहे : धान्याची मापे. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. शाळू मोजता मोजता अर्धा, पाव आणि पावाचा अर्धा मुले स्वतः सांगतात. परड्यातली मेथी, लिंबे आणि शेंगा आणून शाळेत भरवला जाणारा बालबाजार याच जातीचा. त्यात सुट्टे पैसे परत देणे हे वजाबाकीचे काम आहे. पालकांनी तिथे सौदे आटोपते घ्यायची घाई करू नये. मूल मोजत असते.

या साऱ्याला राज्यभर नाव मिळाले ते सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटामुळे. बीट म्हणजे शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडे देखरेखीला असलेला शाळांचा गट. कुमठ्याच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटातल्या सुमारे चाळीस शाळांत ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. बाके हटली, मुले फरशीवर गटात बसली, भिंतीला मुलांच्या उंचीचे तळफळे आले, फरशीवर अंक आणि शब्दांच्या चौकटी रंगल्या. एखाद-दुसऱ्या हौशी शिक्षकाची शाळा चांगली असणे नवे नव्हते. शेजारशेजारच्या सगळ्या साध्या शाळा एकदम बदलणे नवे होते. राज्यातून शिक्षकांच्या तुकड्या हे वर्ग पाहायला येऊ लागल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा कुमठ्याचे उदाहरण सर्वांपुढे होते.

अनुकरणात मात्र रंग पुढे गेला. अनेक ठिकाणी फरशा रंगल्या, त्यांवर बसून मुले पुन्हा फळ्यावरचे उतरवू लागली. काड्यांचे संच कपाटात कुलपाखाली राहिले, हरवतील म्हणून. काडी हरवली तर बांधावरून दुसरी आणता येते. ते साधन मुलाच्या हातात असण्यासाठीच स्वस्त ठेवलेले आहे.

मूल्यमापनाची चौकट २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने बदलली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही आकारिक साधने आली आणि पहिली-दुसरीत त्यांना संकलित परीक्षेपेक्षा जास्त भार मिळाला. निरीक्षणाची नोंद वर्षअखेरीस एका बैठकीत भरली जाऊ लागली की तिचा उपयोग संपतो. त्या दिवशी मुलाने काय केले ते त्याच दिवशी, एका ओळीत लिहिलेले बरे.

शाळेबाहेरच्या वेळेचा प्रयोग सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने केला. १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मुले वाचतात, अभ्यास करतात.

ऊसतोडीच्या हंगामात कृष्णाकाठच्या शाळांत बाहेरून मुले येतात आणि जत-आटपाडीकडून काही मुले आईबापांबरोबर बाहेर जातात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. कार्ड विसरलेले असले तरी नव्या वर्गात मुलीपुढे मणीमाळ ठेवावी आणि एकोणचाळीस दाखवायला सांगावे. ती कुठवर आली आहे हे पाच मिनिटांत समजते, आणि शेजारच्या मुलांना नवी मैत्रीण मिळते.