टालीवरचे जळण आणि लष्करची थंडी

गणपतीच्या दिवसांत पावसाची रिपरिप चालू असे आणि मोदक उकडायला कोरडे सरपण लागे. ज्या घरी ते असे, त्या घरची गृहिणी वैशाखातच शहाणपणाने वागलेली असे. पण आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सरपणाची खरी परीक्षा व्हायची ती पौषात.

1810 साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. त्याचेच ‘लष्कर’ शहर झाले. शिंद्यांच्या मागोमाग देशावरून, कोकणातून आलेल्या कुटुंबांना चूल नवी नव्हती. आगोटीपूर्वी सरपण भरून ठेवण्याची रीतही ठाऊक होती. नवी होती ती इथली थंडी. जानेवारीत पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो आणि धुके चढत्या उन्हालाही दाद देत नाही. स्वयंपाकाइतकेच जळण उबेसाठीही लागू लागले.

लाकडाच्या वखारीला इकडे ‘टाल’ म्हणतात. टालीवर जाणकार माणूस आधी बाभूळ मागे. ती जड, सावकाश जळणारी, निखारा धरून ठेवणारी. धावड्याचा कोळसाही उत्तम. या भागातल्या जंगलांत करधई भरपूर. तीही धावड्याच्याच कुळातली, कठीण आणि जड. सावरीसारखे हलके लाकूड भुर्रकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. पेटवणासाठी तुराट्या पुरत. वड-पिंपळ चुलीत घालायचे नाहीत आणि बांबू जाळला तर वंश जळतो, ही समजूत आपल्या माणसांनी इथेही सोडली नाही.

लाकूड मणावर विकले जाई. मण म्हणजे 40 शेर, आजचे सुमारे 37 किलो. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी असते. म्हणजे ओला मण घेणारा 12 ते 18 किलो पाण्याचेच पैसे मोजी. वर ते पाणी आटवण्यात आच खर्ची पडे आणि घरात धूर कोंडे तो वेगळाच. म्हणून दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहत. ठणठणीत आवाज आला, टोकांना भेगा दिसल्या, साल सुटू लागली असली, की लाकूड वाळले. आवाज बद्द आला तर ओले.

खरेदी उन्हाळ्यात होई. ओंडके लगेच फोडून घेत, कारण सालीआडून ओल लवकर सुटत नाही. खाली दगड मांडून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून आडवी-उभी रास रचत. त्यामुळे वारा खेळे आणि वाळवी लागत नसे. पावसात झाकण फक्त वरून, बाजू मोकळ्या. चारी बाजूंनी गुंडाळलेली रास आतल्या आत कुबट होते. दसऱ्यानंतर तिला पुन्हा ऊन दाखवत आणि जुने लाकूड आधी काढत.

सगळ्यांत मोलाचा नियम मात्र शेगडीचा होता: निजण्यापूर्वी ती खोलीबाहेर न्यायची. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. पण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. झोपलेल्याला जाग येत नाही. वायूचे हे नाव जुन्या माणसांना ठाऊक नसेल. नियम ठाऊक होता. शिवाय जुन्या वाड्यांच्या कौलांतून आणि दारांच्या फटींतून वारा येत राही.

आज आपली घरे घट्ट बंद होणाऱ्या खिडक्यांची आहेत. टाली उठल्या, बाभळीची पारख विसरली. त्याने फारसे बिघडले नाही. पण कडाक्याच्या रात्री वीज गेली की अजूनही कुठेतरी कोळशाची शेगडी आत येते, दार लागते, आणि उत्तरेतल्या कुठल्या ना कुठल्या गावची तीच बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. आजीच्या वेळची लाकडाची रास आता रचायची नाही. पण तिचे एक वाक्य मुलानातवंडांना सांगायलाच हवे: आधी शेगडी बाहेर, मग दार बंद.