ड्रुपलच्या आवृत्त्या आणि स्थलांतराचा प्रश्न : 2001 ते 2025

आशय-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे प्रचलित भाषेत ‘सीएमएस’, ही संकेतस्थळामागची अशी आज्ञावली असते, जिच्यामुळे मजकूर आणि त्याची मांडणी परस्परांपासून अलग ठेवली जाते आणि प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्या संपादकालाही नवे पान स्वतः प्रसिद्ध करता येते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही सोय विनामूल्य उपलब्ध करून देणाऱ्या आज्ञावल्यांत वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल ही तीन नावे ठळक आहेत. आवृत्ती बदलावी की आहे तीच चालू ठेवावी, हा प्रश्न तिन्हींच्या वापरकर्त्यांना पडला. परंतु ड्रुपलच्या बाबतीत तो सर्वांत तीव्र झाला, कारण तेथे तो एका जाणीवपूर्वक स्वीकारलेल्या धोरणातून जन्मला होता.

बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचा विद्यार्थी द्रीस बाउटार्ट याने सहकाऱ्यांपुरत्या लहानशा संदेशफलकासाठी लिहिलेली संहिता जानेवारी 2001 मध्ये ड्रुपल या नावाने मुक्त-स्रोत म्हणून, म्हणजे कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशा परवान्याखाली, खुली केली. तिची रचना दोन थरांची होती. मध्यभागी लहान ‘गाभा’ आणि त्याभोवती जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेली ‘मॉड्यूल’, म्हणजे नोंदणी-अर्ज, दिनदर्शिका, छायाचित्र-संग्रह अशी एकेक क्षमता जोडणारे स्वतंत्र भाग. मोठी आवृत्ती काढताना जुन्या मॉड्यूलांशी सुसंगती राखण्याचे बंधन गाभ्याने स्वतःवर घेतले नाही. मात्र वापरकर्त्याची विदा, अर्थात साठवलेला मजकूर, पुढील आवृत्तीत नेण्याची वाट मोकळी ठेवण्याचे वचन त्याने दिले. नवे तंत्र आत्मसात करण्याची मोकळीक या धोरणाने मिळाली आणि ड्रुपलच्या वाढीचे श्रेय काही अंशी तिलाच द्यावे लागते. तरीही त्या वचनात एक मोठी उणीव होती. संकेतस्थळ म्हणजे केवळ विदागारातील मजकूर नव्हे. तो शोधण्याच्या, क्रमवार लावण्याच्या आणि दाखवण्याच्या ज्या रीती मॉड्यूलांनी घडवलेल्या असतात, त्याही संकेतस्थळच असतात, आणि त्यांची हमी कोणीच घेतली नव्हती.

ही उणीव फेब्रुवारी 2008 मध्ये, ड्रुपल 6 प्रसिद्ध झाले तेव्हा, स्पष्ट दिसली. त्या काळी बहुतेक गंभीर संकेतस्थळे दोन मॉड्यूलांवर उभी होती : प्रत्येक नोंदीला लेखक, वर्ष, विषय अशी आपल्या गरजेचे रकाने जोडू देणारे ‘सीसीके’ आणि त्या रकान्यांवरून याद्या तयार करणारे ‘व्ह्यूज’. नवी आवृत्ती आली त्या दिवशी ही दोन्ही तयार नव्हती, आणि त्यामुळे नव्या गाभ्याचे गुण मान्य असूनही असंख्य संस्थांना कित्येक महिने ड्रुपल 5 वरच थांबावे लागले. पुढच्या वेळी असे होऊ नये म्हणून अनेक मॉड्यूल-लेखकांनी, ड्रुपल 7 ज्या दिवशी येईल त्याच दिवशी आपले मॉड्यूलही सिद्ध असेल, अशी जाहीर प्रतिज्ञा केली. विनामोबदला काम करणाऱ्या माणसांनी स्वतःवर घेतलेले ते बंधन या इतिहासातील आदरणीय प्रकरण आहे. ड्रुपल 7 चे प्रकाशन 5 जानेवारी 2011 रोजी झाले. सीसीकेचे बहुतांश कार्य तोवर गाभ्यातच समाविष्ट झाले होते आणि त्याच सुमारास ड्रुपल 5 चा आधार, म्हणजे त्याच्यासाठी दुरुस्त्या पुरवणे, संपला.

नवी आवृत्ती म्हणजे अधिक सुरक्षितता, हे स्थलांतराच्या बाजूने नेहमी पुढे येणारे कारण ऑक्टोबर 2014 च्या घटनेने गुंतागुंतीचे केले. विदागाराकडे जाणाऱ्या प्रश्नात परक्याला स्वतःचा आदेश घुसवता येईल, अशी एक त्रुटी 15 ऑक्टोबर रोजी जाहीर झाली. ती ड्रुपल 7 साठी नव्याने लिहिलेल्या आणि नेमके असेच हल्ले रोखण्यासाठी योजलेल्या थरात होती. ड्रुपल 6 मध्ये तो थरच नसल्यामुळे, स्थलांतर लांबणीवर टाकलेली संकेतस्थळे तिच्यापासून बचावली. दुरुस्ती अवघ्या एका ओळीची होती. परंतु दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा-पथकाने असे निवेदन काढले की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी ती लावली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ परक्याच्या हाती गेल्याचे गृहीत धरावे. भारतीय वेळेनुसार ते सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे होते, आणि मुंबई-पुण्याच्या एखाद्या लहान संस्थेत त्या वेळी संगणकापाशी कोण बसलेले असणार, हे सांगण्याची गरज नाही. मार्च 2018 मधील दुसऱ्या गंभीर त्रुटीने मात्र ड्रुपल 7 व 8 सोबत ड्रुपल 6 लाही ग्रासले आणि तोवर त्याचा अधिकृत आधार संपलेला असल्यामुळे जुन्यावर राहिलेल्यांना दुरुस्तीसाठी इतरत्र पाहावे लागले. दोन्ही घटना एकत्र वाचल्या म्हणजे एक भेद ठळक होतो : चालू आवृत्तीतील किरकोळ सुरक्षा-दुरुस्ती तातडीने लावणे आणि एका मोठ्या आवृत्तीतून दुसरीत जाणे, हे दोन निर्णय निराळे आहेत, आणि पहिल्यातील निकड दाखवून दुसरा रेटणे हे गैर आहे.

ड्रुपल 8 चे प्रकाशन 19 नोव्हेंबर 2015 रोजी झाले, आणि या वेळी बदल इतका मूलगामी होता की जुन्या संकेतस्थळाचे जागच्या जागी नूतनीकरण करण्याची रीतच मोडीत निघाली. सिम्फनी या दुसऱ्या मुक्त-स्रोत प्रकल्पाचे घटक गाभ्यात आले, पानांचे साचे लिहिण्याची पद्धत बदलली, आणि संस्थेला शेजारी नवे, रिकामे संकेतस्थळ उभारून त्यात जुनी विदा ‘मायग्रेट’ यंत्रणेद्वारे ओतावी लागू लागली. फेब्रुवारी 2016 मध्ये पवई येथील आयआयटी मुंबईत ड्रुपलकॉन आशिया ही परिषद भरली. ड्रुपल 8 तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचे होते आणि परिषद आटोपून काही दिवसांतच, 24 फेब्रुवारीला, ड्रुपल 6 चा आधार संपला. एवढ्या घाईने ज्यांना बाहेर पडायला लावले त्यांच्यासाठी पुढची वाट मात्र पक्की बांधलेली नव्हती : मायग्रेट यंत्रणा स्थिर घोषित झाली ती मार्च 2018 मध्ये, 8.5 या आवृत्तीत, आणि तेव्हाही बहुभाषिक संकेतस्थळांचे स्थलांतर प्रायोगिकच मानले जात होते. एकाच लेखाच्या मराठी आणि इंग्रजी प्रतींची सांगड जपणाऱ्या संस्थेला ही तळटीप नसून मुख्य अडचण होती.

हा भार लहान संस्थांना पेलणारा नाही, असे मानणाऱ्या काहींनी ड्रुपल 7 च्या रचनेतूनच ‘बॅकड्रॉप’ ही वेगळी शाखा फोडली आणि तिची पहिली आवृत्ती जानेवारी 2015 मध्ये दिली. मुख्य प्रकल्पालाही अखेर धोरण बदलावे लागले. पुढील स्थलांतरे सोपी राहतील, असे बाउटार्टने 2017 मध्ये जाहीर केले आणि 3 जून 2020 रोजी आलेले ड्रुपल 9 हे बहुतांशी 8.9 मधून आधीच बाद ठरवलेली संहिता वगळून तयार झाले. हा शहाणपणा उशिरा आला, कारण 2008 चा अनुभव पाठीशी असताना तो 8 च्या आधीच येणे शक्य होते. तोवर ड्रुपल 7 वरची माणसे तेथेच थांबली होती, आणि 2022 मध्येही त्या एका आवृत्तीवरील संकेतस्थळे नंतरच्या कोणत्याही एका आवृत्तीपेक्षा अधिक होती. थांबणाऱ्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. चालू असलेले काम पुन्हा शून्यापासून उभारण्यासाठी लागणारा पैसा आणि माणूस त्यांच्यापाशी नव्हता, आणि त्यांच्या संख्येनेच प्रकल्पाला ते मान्य करावयास लावले. ड्रुपल 7 चा आधार संपण्याची नोव्हेंबर 2021 ही ठरलेली अंतिम मुदत प्रथम 2022 वर, नंतर 2023 वर आणि शेवटी 5 जानेवारी 2025 वर ढकलली गेली. त्या दिवशी, प्रकाशनाला बरोबर 14 वर्षे पूर्ण होत असताना, ड्रुपल 7 चा अधिकृत आधार संपला, आणि तेव्हापासून त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी मुख्यतः खाजगी कंपन्यांना शुल्क मोजावे लागते.