शब्दवेध : जॅझ

काउंट बेसीच्या बँडचं १९५५ मधलं 'एप्रिल इन पॅरिस' लावलं की माझा चहा हमखास गार होतो. गाणं संपलं म्हणून कप उचलावा, तर बेसी हाक देतो आणि सगळे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन तोच शेवट पुन्हा अंगावर घालतात. मग आणखी एकदा!

गंमत अशी की 'जॅझ'चा मूळ अर्थही बहुधा हाच : जोम, रग. त्यामागे 'जॅझम' हा अमेरिकी बोलीतला जुना शब्द असावा. छापील 'जॅझ' आधी भेटतो तो मात्र मैदानावर. १९१२ साली लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात एक बेसबॉलपटू आपल्या डगमगत जाणाऱ्या चेंडूला 'जॅझ बॉल' म्हणतो. संगीताला हे नाव चिकटलं शिकागोत, १९१५ च्या सुमारास. न्यू ऑर्लिन्सचे वादक तर ते त्याआधीच वाजवत होते, बिननावाचं म्हणा ना! १९१७ च्या पहिल्या तबकडीवर बँडच्या नावात 'जॅस' होतं. ड्यूक एलिंग्टनला हे लेबल कधी फारसं रुचलं नाही. मला त्याचं पटतं, पण दुसरा शब्दही सुचत नाही.

आपल्याकडे हा जोम ताजमहाल हॉटेलातून सिनेमात उतरला. 'अलबेला' (१९५१) पुन्हा ऐका. सी. रामचंद्रांच्या चालींमागे गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आहे, आणि पडद्यावर तो स्वतःही दिसतो.