छिन्नमनस्कता आणि प्रकाशाचें यंत्र

इ. स. १९०८ मध्यें स्वित्झर्लंडचे मानसरोगवैद्य ऑइगेन ब्लॉइलर यांनीं बर्लिन येथील व्याख्यानांत ‘स्किझोफ्रेनिया’ हें नांव प्रथम उच्चारिलें. आपण त्यास छिन्नमनस्कता म्हणतों. ताप मोजतां येतो, रक्त तपासतां येतें. परंतु भ्रमाची खूण मेंदूंत कशी शोधावी, हा प्रश्न तेव्हांपासून वैद्यकापुढें उभा आहे.

येना येथील मानसरोगवैद्य हान्स बर्गर यांनीं १९२४ मध्यें मानवी मेंदूंतील क्षीण विद्युत्-लहरी टिपल्या व १९२९ मध्यें तो शोध प्रसिद्ध केला. आरंभीं त्यावर फारसा कोणी विश्वास ठेविला नाहीं. १९३४ मध्यें केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनीं तो खरा ठरविला. पुढें १९७६ मध्यें लंडनमधील नॉर्थविक पार्क येथील संशोधकांनीं सी. टी. यंत्रानें पाहिलें, तों जुनाट रोग्यांच्या मेंदूंतील पोकळ्या निरोगी माणसांपेक्षां मोठ्या आढळल्या.

परंतु अवजड यंत्रें जागची हलत नाहींत. रोग्यासच त्यांच्याकडे जावें लागतें. भिंतीसुद्धां आपल्याविरुद्ध कुजबुजतात असें ज्यास वाटतें, त्यानें कर्कश चुंबकीय यंत्राच्या अरुंद पोकळींत निश्चल कसें पडावें?

ह्यांतून वाट निघाली ती प्रकाशानें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनीं १९७७ मध्यें दाखविलें कीं, तांबड्या रंगापलीकडील अदृश्य अवरक्त प्रकाश कवटी भेदून जातो, व रक्तांत प्राणवायु किती आहे त्याप्रमाणें कमीअधिक शोषला जातो. त्यावरून डोक्यावर टोपीसारखें बसणारें यंत्र निघालें. रोगी खुर्चीवर बसून एखाद्या अक्षरानें आरंभ होणारे शब्द सांगत जातो. निरोगी माणसाच्या कपाळामागील मेंदूंत प्राणवायुयुक्त रक्त लगेच वाढतें. छिन्नमनस्क रोग्यांत ही वाढ बहुधा अल्प असते व अवेळीं होते. जपानांत २००९ मध्यें, खिन्नतेच्या लक्षणांमागील रोग ओळखण्यास साहाय्यक म्हणून, ह्या परीक्षेस मान्यता मिळाली. २०१४ मध्यें ती आरोग्यविम्यांत आली.

‘साहाय्यक’ हा शब्द मात्र विसरूं नये. हा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापलीकडे पोंचत नाहीं. कातडीतील रक्तही मोजणींत मिसळतें. एकट्या आलेखावरून कोणावर ह्या रोगाचा शिक्का मारणें अन्यायाचें होईल.

त्याच जपानांत २००२ मध्यें, रोग्यांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून, ‘मन दुभंगल्याचा रोग’ हें जुनें नांव टाकून ‘एकसूत्रता ढळल्याचा विकार’ अशा अर्थाचें नांव स्वीकारण्यांत आलें. आपला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही जुन्याच अर्थाचा आहे. यंत्र रोग्यापर्यंत आलें, हें इष्टच झालें. परंतु त्याची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकून घेण्याचें काम अद्याप माणसाकडेच आहे.