घोटा मुरगळणे

घोटा मुरगळणे किंवा लचकणे म्हणजे पाऊल अचानक वाकडे पडून घोट्याच्या सांध्याचे अस्थिबंध ताणले जाणे अथवा फाटणे होय. घोटेदुखीचे हे एक प्रमुख कारण आहे.

कारणे

पाऊल बहुधा आतल्या बाजूस वळते. त्यामुळे बाहेरील घोट्याच्या पुढचा अस्थिबंध सर्वाधिक दुखावतो. उतारावर चवडा खाली झुकला की सांधा कमी स्थिर राहतो, कारण त्यातील हाड मागील बाजूस अरुंद असते. म्हणून कर्जत तालुक्यातील कोथळीगड किंवा खालापूर तालुक्यातील इर्शाळगड यांसारख्या गडांवरून, विशेषतः पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून उतरताना या दुखापतीचा संभव वाढतो.

निदान

वेदना, सूज व काळेनिळेपणा ही लक्षणे होत. अस्थिभंगाची शक्यता तपासण्यासाठी कॅनडात १९९२ मध्ये मांडलेले ओटावा नियम वापरतात. घोट्याच्या उंचवट्यांच्या मागील कडेवर वा टोकावर दाबल्यास दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी करतात.

उपचार

पायाला विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने १५ ते २० मिनिटे शेकावे, क्रेप पट्टी बांधावी व पाय उंचावर ठेवावा. सुरुवातीला गरम शेक व जोरात चोळणे टाळावे, कारण त्याने सूज वाढू शकते. पाऊल बधिर वा थंड पडल्यास, किंवा सांधा वेडावाकडा दिसल्यास रुग्णाला चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. वेदना कमी होताच हालचाल व एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुरू करतात. त्यामुळे घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका घटतो.